पहिल्या कलशाचा मान

सासुरवाडीच्या हॉलमध्ये लोखंडी कपाटाच्या दारावर धाकट्या जावयानं पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि अख्खं घर त्या चिठ्ठ्यांसमोर उभं होतं. थोरला जावई विश्राम दारात चपला काढत होता, पण "या" म्हणायलाही कुणी वळलं नाही. विश्रामनं मग त्याच चपला पुन्हा घालून पुन्हा काढल्या, जरा आवाज करून. तरीही कुणी वळलं नाही.

त्याचे सासरे गुंडुराव यांची साठीशांत तीन आठवड्यांवर आली होती. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात त्यांचं कापडाचं दुकान. मुलगा नाही, दोन मुली. थोरली देवश्री विश्रामला दिलेली. तो साताऱ्याहून नोकरीसाठी इथं आला आणि विजयनगरात घर घेऊन राहिला. धाकटी रक्षिता सुदीपला दिलेली, तो इथलाच. दोघे जावई सॉफ्टवेअर कंपन्यांत टीम सांभाळायचे. साठीशांतीत मुलगा नसल्यावर सासूसासऱ्यांच्या डोक्यावर पहिला कलश थोरल्या जावयानं ओतायचा, हे विश्राम धरूनच चालला होता. नवा सदराही शिवून आला होता.

पण गुंडुराव पडले व्यापारी. "दोघंपण टीम चालवता, अल्लवा?" चिठ्ठ्या वाचून झाल्यावर ते म्हणाले. "मग चालवून दाखवा. विश्रामराव, निमंत्रणं तुम्ही बघा. जेवणखाण सुदीप, तू बघ. ज्याची पद्धत चांगली, त्यानं पहिला कलश धरायचा. सरी?"

"सरी, मामा," सुदीप म्हणाला.

बारा वर्षांच्या जावयाला 'तुम्ही' आणि एका वर्षाच्या जावयाला 'तू'! विश्रामला हे दर वेळी टोचायचं, आज जरा जास्तच टोचलं.

सुदीपची पद्धत कानबानची. कपाटाच्या दारावर तीन रकाने: करायचंय, चाललंय, झालं. एका चिठ्ठीवर एक काम. मधल्या रकान्यात तीनच चिठ्ठ्या, त्यातली एक संपल्याशिवाय चौथी घ्यायची नाही. ज्याचा हात रिकामा त्यानं 'करायचंय'मधली वरची चिठ्ठी उचलायची आणि कुणाला काही न विचारता काम करून टाकायचं. न विचारता काम करायला मिळतंय म्हटल्यावर सासूबाई, कमलाक्षीबाई, एकदम खूश. चाळीस वर्षं त्या सगळं विचारूनच करत आल्या होत्या.

विश्रामची पद्धत स्क्रमची. आठवड्याचा एक स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा. रोज सकाळी साडेसातला सगळ्यांनी उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय.

"उभं राहूनच का सांगायचं हो?" कमलाक्षीबाईंनी गुडघा चोळत विचारलं.

"म्हणजे लवकर आटपतं, आई. पंधरा मिनिटांत."

पहिल्याच दिवशी 'अडचण काय' या प्रश्नावर गुंडुरावांनी दुकानातल्या नोकरापासून पोटातल्या गॅसपर्यंत सगळं सांगितलं. सभा सव्वा तास चालली. दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खुद्द देवश्री कपाटासमोर उभी राहून चिठ्ठी उचलताना सापडली.

"तूसुद्धा?" विश्राम म्हणाला.

"अहो, तिकडे काम होतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे उभं राहणं होतं."

विश्रामच्या हातात एकच हुकमी पान होतं: आलेख. पहिल्या आठवड्यात चाळीस जणांना निमंत्रण गेलं, दुसऱ्या आठवड्यात पन्नास. रेघ वर चढताना पाहून गुंडुरावांचे डोळे चमकले. "बघ सुदीप, याला म्हणतात धंदा!" सुदीप मान डोलावून हसला आणि विश्रामला दोन आठवड्यांत पहिल्यांदा शांत झोप लागली.

घोळ एवढाच होता, की नव्वद माणसांची यादी दुसऱ्या आठवड्यातच संपली होती. रेघ मात्र चढायला हवी होती. तिसऱ्या आठवड्यात शून्य दाखवलं असतं तर ती थेट खाली आपटली असती, आणि तेही सुदीपच्या डोळ्यांदेखत. शुक्रवारी विश्रामनं दुकानातली गिऱ्हाइकांची जुनी वही घरी नेली आणि फोन लावायला सुरुवात केली. "गुंडुरावांनी खास तुमचं नाव काढलं. यायचंच हं! सकाळी फराळापासून." कुणी बारा वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाचा बस्ता घेतला होता, कुणी हुणसूरहून वर्षातून एकदा चादरी घ्यायला यायचं. इतक्या ऐनवेळी कोण येतंय, असा त्याचा हिशेब होता. शनिवारपर्यंत आकडा पंचाहत्तरवर गेला आणि रेघ डौलात उभी राहिली.

त्याआधी, त्याच आठवड्याच्या बुधवारी, त्याच्या हातून आणखी एक गोष्ट घडली होती. दुपारी सासरी गेला तर घर झोपलेलं, आणि समोर ते कपाट. 'झालं'चा रकाना गच्च भरलेला. त्यात एक चिठ्ठी होती, 'आचारी सांगणे, नव्वद पानं.' एवढं सगळं कसं काय होतं या माणसाचं? त्यानं इकडेतिकडे पाहिलं, ती चिठ्ठी अलगद काढली आणि 'करायचंय'च्या रकान्यात सगळ्यात वर लावली. संध्याकाळी सासरे बघतील आणि म्हणतील, 'अजून आचारी ठरला नाही?' बस, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

सासऱ्यांनी पाहिलंच नाही. सासूबाईंनी पाहिलं. त्यांचा हात रिकामा होता. नियमाप्रमाणे कुणाला न विचारता त्यांनी हुणसूरच्या दत्तोजीराव आचाऱ्यांना फोन केला, नव्वद पानं सांगितली आणि चिठ्ठी 'झालं'मध्ये नेऊन लावली. गुरुवारी ती पुन्हा 'झालं'मध्ये पाहून विश्राम हिरमुसला.

रविवारी सकाळी सहा वाजता कल्याणमंटपाच्या स्वयंपाकघरात दोन आचारी एकमेकांसमोर झारे धरून उभे होते.

"मला सुदीप सरांनी सांगितलंय," हयग्रीव भट म्हणाले.

"आणि मला काय स्वप्न पडलं?" दत्तोजीराव म्हणाले. "कमलाक्षीअक्कांनी स्वतः फोन केला. बाजूला व्हा, उपमा मी करणार."

"कांदा घालून? माझ्या चुलीवर? साध्यच इल्ला!"

सुदीपचा चेहरा पांढराफटक पडला. तो दोघांच्या मध्ये हात जोडून उभा होता. विश्रामनं ते दृश्य डोळे भरून पाहिलं आणि लगबगीनं सासऱ्यांना बोलवायला निघाला. "बाबा, जरा स्वयंपाकघरात येता का? काही नाही, सुदीपची पद्धत बघायला."

पण गुंडुराव दारातच अडकले होते. माणसं येत होती. आठ वाजता नव्वद खुर्च्या भरल्या. सव्वाआठला हुणसूरच्या बसमधून एक अख्खा घोळका उतरला, हातात हार. "गुंडुरावांनी खास आठवण काढली म्हणे!" साडेआठला एकशे पासष्ट माणसं फराळाला बसली होती आणि विश्रामला घाम फुटला होता.

"अय्यो, एवढी कुठून आली?" गुंडुराव कुजबुजले. "पानं नव्वदच ना सांगितलीत?"

तेवढ्यात आतून, चुली वाटून घेतलेल्या दोन्ही आचाऱ्यांकडून, परातीच्या पराती आल्या. इडली एका हातची, उपमा दुसऱ्या हातचा, केसरीभात दोघांचा. कांद्याचं खाणारे एका पंगतीत, न खाणारे दुसरीत. कुणाला काही कमी पडलं नाही. एक म्हातारे गिऱ्हाईक तर डोळे पुसत म्हणाले, "म्हैसुरात असा पाहुणचार नाही बघितला."

दहा वाजता कलश मांडले गेले. गुंडुराव आणि कमलाक्षीबाई पाटावर बसले. "सुदीप," गुंडुरावांनी हाक मारली, "दुसरा आचारी सांगून ठेवलास म्हणून अब्रू राहिली. ये, पहिला कलश तुझा."

विश्रामनं पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"मामा, खरं सांगू? मी नाही सांगितला," सुदीप म्हणाला. "माझी चिठ्ठी झाली होती. कुणीतरी परत लावली."

"मी फक्त उचलली बाई," कमलाक्षीबाई म्हणाल्या.

"मग ज्यानं लावली तो खरा हुशार. कोण तो? कलश त्याचा!"

आता गप्प बसणं माणसाच्या कुवतीबाहेरचं होतं. "मी!" विश्राम पुढे झाला. "मी लावली, बाबा. मला अंदाज होता, की माणसं वाढणार."

"अहो," देवश्री शांतपणे म्हणाली, "चिठ्ठी तर बुधवारी हलली. आणि दुकानातली वही घेऊन तुम्ही पंचाहत्तर माणसं शुक्रवारी-शनिवारी बोलावलीत. मी शेजारीच बसले होते."

गुरुजींचा मंत्र थांबला. सगळे विश्रामकडे बघत होते. त्यानं एकदा सदऱ्याची बाही ओढली, एकदा छताकडे पाहिलं.

"जळलो," तो शेवटी म्हणाला. "सुदीपवर जळलो. चिठ्ठी त्याची फजिती व्हावी म्हणून हलवली आणि माणसं माझी रेघ वर जावी म्हणून बोलावली. बास?"

गुंडुराव पाटावरच गदगदा हसायला लागले. "म्हणजे सुदीपची पद्धत यांनीच चालवली, स्वतःचीपण यांनीच! धरा, विश्रामराव, कलश तुम्हीच धरा."

विश्रामनं पहिला कलश धरला, पाणी घातलं, सासूसासरे न्हाले. बारा वर्षांचा मान पदरात पडला. मग आशीर्वाद द्यायला माणसांची रांग लागली. गुंडुराव ओल्या अंगानं प्रत्येकाचा हात धरून सांगत होते, "हे आमचे थोरले जावई. धाकट्यावर जळले, म्हणून आज तुम्हांला पोटभर मिळालं." ऐकणारा हसायचा, विश्रामकडे निरखून बघायचा आणि पुढे सरकायचा.

विश्राम रिकामा कलश धरून शेजारी उभा होता. रांग पार फाटकापर्यंत गेली होती, आणि तिच्यातल्या एकेकाला त्यानं स्वतः फोन करून, "यायचंच हं!" असं बजावून बोलावलं होतं.