डॉक्टरांनी स्प्रिंग आवळली

मागच्या रविवारी डॉक्टर मोटरसायकलवरून पडले, त्यात चूक मोटरसायकलची होती. हे त्यांनी अंगावरची माती झटकायच्या आधीच जाहीर केले होते आणि या रविवारी सकाळी चहा पितानाही ते तेच सांगत होते. ऐकायला बायको होती, मुक्कामाला आलेले सासरे होते आणि साडू होता.

डॉक्टर दातांचे होते. साडू बरीच वर्षे गावाबाहेरच्या माळावर डर्ट बाईक पळवत असे. उंचवट्यांवरून उडवत असे आणि सहसा गाडीसकट खाली येत असे. सासऱ्यांनी एकदा ते पाहून टाळ्या वाजवल्या. थोरल्या जावयाला हे सहन होण्यासारखे नव्हते. पंधरवड्यात त्यांच्या दारात तशीच गाडी उभी राहिली. टाळ्या मात्र अजून यायच्या होत्या.

"सस्पेन्शन चुकलंय," डॉक्टर म्हणाले. "मागून नरम आहे. वळणावर ढुंगण टाकते."

सासऱ्यांचे बिस्किट चहात पडले.

"म्हणजे मागचं चाक घसरतं हो, बाबा," बायको घाईघाईने म्हणाली.

साडूने घसा खाकरला. "डॉक्टर, गाडी ठीक आहे. तिची स्प्रिंग हलक्या माणसासाठी असते. तुमच्या वजनाला जाड स्प्रिंग लागेल. गॅरेजमध्ये लगेच बदलून देतील."

"माझ्या वजनाला?"

डॉक्टरांनी पोट आत घेतले, पण ते बोलण्यापुरतेच आत राहिले. "मी माणसाच्या जबड्यात स्क्रू बसवतो. मला गॅरेजवाला शिकवणार? आज दुपारी माळावर सगळ्यांनी या. मग बघा."

त्यांनी आठवडाभर व्हिडिओ पाहिले होते. त्यातून त्यांना एवढे कळले होते की गाडीवर पूर्ण पोशाखात बसायचे आणि मागची बाजू किती दबते ते मोजायचे. त्यामुळे थोड्या वेळाने इमारतीच्या पार्किंगमध्ये गुडघ्यापर्यंत बूट, छातीला कवच आणि डोक्याला हेल्मेट अशा थाटात डॉक्टर गाडीवर चढले. बायकोने हँडल धरले. सासरे टेप घेऊन मागे वाकले.

"जावईबापू, बसा."

"बसलोय."

"अरे बापरे!"

"बाबा, आकडा सांगा. बापरे नको."

सासऱ्यांनी आकडा सांगितला. डॉक्टरांनी तो पुन्हा मोजायला लावला. दुसऱ्यांदा तो वाढला, कारण तोवर ते जरा सैलावून बसले होते.

"टेप ताणला गेलाय," ते म्हणाले.

"अहो, टेप लोखंडी आहे," बायको म्हणाली.

मग डॉक्टर खाली उतरले आणि त्यांनी स्प्रिंगवरची रिंग आवळायला घेतली. रिंग आवळली की स्प्रिंग दबून राहते आणि गाडी कमी दबते, एवढे त्यांना ठाऊक होते. कुठे थांबायचे, हे त्या व्हिडिओत पुढे होते. पण तिथवर पाहण्याची तज्ज्ञ माणसाला गरज भासली नव्हती. रिंग फिरायची थांबली तेव्हा तेही थांबले.

पुन्हा चढून बसले तर पाय जमिनीला पुरते टेकेनात. गाडी फळीसारखी कडक झाली होती. डॉक्टर तिच्यावर या अंगठ्यावरून त्या अंगठ्यावर तोल सांभाळत होते आणि बायको हँडलला लोंबकळत होती.

"आता जरा मऊ करू," डॉक्टर म्हणाले.

खाली एक बारीक स्क्रू होता. दबलेली स्प्रिंग किती वेगाने उसळी मारून वर यावी, ते हा स्क्रू ठरवतो. घट्ट असेल तर ती सावकाश येते, ढिला असेल तर सुटलेल्या बैलासारखी. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले आणि स्वतःशी साधा हिशेब मांडला: ढिला म्हणजे मऊ. दवाखान्यातले नाजूक हत्यार आणून त्यांनी तो पुरता मोकळा केला.

साडूने ते पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. "डॉक्टर, तो एकेक खाच फिरवायचा असतो. फिरवायचा, एक चक्कर मारून बघायची..."

"ज्यांना खात्री नसते त्यांनी मारावी चक्कर."

दुपारी माळावर सासरे घडीच्या खुर्चीत बसले. बायको उभीच राहिली. तिला लवकर निघावे लागेल असे वाटत होते. डॉक्टरांनी समोरच्या उंचवट्यांतला सर्वांत लहान निवडला. तो इतका लहान होता की एक कुत्रे त्यावर झोपले होते. गाडी येताना पाहून ते उठले आणि बाजूला झाले. त्या सगळ्या जमावात प्रसंगाची कल्पना त्यालाच आधी आली म्हणायची.

मागचे चाक उंचवट्यावर दबले आणि सुटले. डॉक्टर हवेत गेले. टाळीसाठी सासऱ्यांनी हात वर घेतले खरे, पण तेवढ्यात त्यांच्या लक्षात आले की गाडी खालीच आहे. उतरताना हेल्मेटची हनुवटी हँडलवर आपटली, जबडा जबड्यावर बसला आणि डॉक्टर शब्दशः तोंडघशी पडले. गाडी थोडी पुढे जाऊन शहाण्यासारखी आडवी झाली.

साडू धावत आला. तो काहीच बोलला नाही, आणि डॉक्टरांना नेमके तेच लागले.

"शष्पेन्शन," डॉक्टर म्हणाले आणि समोरचा अर्धा दात तळहातावर आला.

घरी त्यांनी आरशात पाहून स्वतःच दात बसवायचा प्रयत्न केला. आरशात उजवे डावे होते हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा शेजारच्या चांगल्या दातालाही सिमेंट लागले होते. गावात दातांचे दुसरे डॉक्टर एकच, रस्त्यापलीकडचे. त्यांना आमचे डॉक्टर गेली कित्येक वर्षे 'न्हावी' म्हणत आले होते. बायकोने फोन केला आणि नवऱ्याला घेऊन पलीकडे गेली. न्हाव्यांनी रविवार असूनही दार उघडले.

त्यांनी खुर्ची मागे केली, दिवा ओढला, दात जोडला, शेजारचा मोकळा केला. एकदाही हसले नाहीत. काम अगदी नीट झाले, आणि डॉक्टरांना आरशात दोष सापडेना, त्यामुळे ते अधिकच उदास झाले.

मग हात धुता धुता त्या भल्या माणसाने डॉक्टरांच्या बुटांकडे पाहिले.

"डर्ट बाईक का? मीही घेतली मागच्या महिन्यात. पण वळणावर मागून नरम वाटते हो. तुम्हाला त्यातलं काही कळतं का?"

डॉक्टर ताठ बसले. त्यांच्या डोळ्यांत सकाळची चमक आली.

"स्प्रिंगची रिंग पूर्ण आवळा," ते सावकाश, प्रत्येक शब्द नव्या दातावर तोलत म्हणाले, "आणि खालचा बारीक स्क्रू पार मोकळा सोडा."

बायकोने झटकन नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे कपटाचा लवलेशही नव्हता. असता, तर तिला जरा तरी बरे वाटले असते.