साहेबांसाठी सारवलेली गुहा

मंगळवारी वनखात्याच्या गणनेचे साहेब येणार होते, म्हणून रविवारी पुतळाबाईने गुहा सारवून काढली.

यात तिचं काही चुकलं, असं धारवडीत कुणीच म्हटलं नसतं. श्रीवर्धनच्या अलीकडचा तो उभा कडा, पायाशी समुद्र, अंगावर धबधबा आणि धबधब्याच्या पदराआड गुहा. गुहेत शेकडो वटवाघळं. ती साहेबांना सापडली तर पुतळाबाईच्या नवऱ्याला, धाकूला, वाटाड्याची नोकरी, गळ्यात बिल्ला. नाही सापडली तर उरणला कंटेनर भरायला जाणं. एकदा जाऊन तो कंबर मोडून घेऊन आला होता.

बिल्ल्यासाठी फोटो काढून धाकू परतला, तर गुहेतून कडुनिंबाचा धूर येत होता. आत ओलं शेण, भिंतींना चुना, तोंडाशी रांगोळी.

"अगं, वटवाघळं कुठं हायेत?"

"हाकलली. काय घान केलेली मेल्यांनी! चार घमेली निघाली."

"सायेब तीच मोजाया येतोय!"

"मंग आदी सांगाया काय झालं व्हतं? गुहा बघाया सायेब येतोय म्हनलात. पावना यायचा आन् झाडायचं न्हाय?"

धाकू सरपंचांकडे धावला. तुळशीराम सरपंच पान लावत होते. "घाबरतोस काय? धबधबा हाय ना! तो बघून मानूस येडा व्हतो." मग जरा घुटमळून म्हणाले, "फकस्त आता तो जरा बारीक झालाय."

"बारीक म्हंजे?"

"सायबाचे बूट भिजाया नकोत, म्हनून वर बांध घातला. पानी पल्याड वळवलं. पक्का हाय बांध, आता आठवडाभर तरी फुटत न्हाय."

मंगळवारी दिनानाथ साहेब कड्याखाली उभे राहिले. म्हातारीच्या वेणीतून एखादा केस सुटावा, तशी एक धार वरून लोंबत होती. ज्या बुटांसाठी गावाने ओढा वळवला, ते साहेबांनी रांगोळी पाहून आपसूक बाहेर काढले. अनवाणी आत हिंडून त्यांनी वहीत लिहिलं, 'वन्यजीव : निरंक.'

"जागा मात्र झकास आहे, धाकू. कोरडी, हवेशीर. माणसं राहतील इथं."

"च्या तरी घिऊन जावा, सायेब," धाकू म्हणाला. मनात त्याने उरणची पिशवी भरली होती.

घरी पुतळाबाईने चूल पेटवली. धूर माळ्यावर चढला आणि माळा किंचाळला.

साहेब बॅटरी घेऊन शिडी चढले. बराच वेळ फक्त पुटपुटणं ऐकू येत होतं. उतरले तेव्हा केसांत लेंड्या होत्या आणि डोळ्यांत पाणी. "चारशे बारा! आणि किती दुर्मिळ जात! वहिनी, ती चूल विझवा आधी. इथं धूर नको, दिवा नको, माणसाचा वावर नको."

"आन् आमी?"

साहेबांनी वही चाळली. माणसांसाठी तिच्यात रकाना नव्हता.

पंधरा दिवसांनी एका पाकिटातून दोन कागद आले. एकात गुंडाळलेला, धाकूचा हसरा फोटो लावलेला बिल्ला. दुसऱ्यात हुकूम : घर राखीव झालं आहे, कुटुंबाने आठ दिवसांत हलावं, नजीकची गुहा सोयीची आहे.

आता श्रावणाच्या उघडिपीत पर्यटक येतात. घरापासून तीस पावलांवर दोरी बांधलेली असते, दोरीशी इस्त्रीच्या सदऱ्यात धाकू. परवा अशीच गर्दी असताना पुतळाबाई गुहेकडून आली आणि दोरीखालून वाकली.

"माझा पाटा ऱ्हायलाय आत. वाटन कशावर वाटू?"

लोकांनी फोन वर धरले. धाकूने बिल्ला सरळ केला. कमरेतून एक जुनी कळ वर आली.

"दोरीच्या अलीकडं ऱ्हावा, बाई," तो म्हणाला.

वीस वर्षांच्या संसारात त्याने तिला पहिल्यांदाच बाई म्हटलं होतं. पुतळाबाई सरळ झाली. परक्या माणसापुढे घ्यावा तसा तिने डोक्यावर पदर घेतला.

"बरं, सायेब," ती म्हणाली.