नावाडी आणि विष्णुनाना

आरतीत सगळ्यांची टाळी पडायच्या किंचित आधी एक टाळी पडते. ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या विष्णुनानांची. विनोद संपायच्या आधी त्यांचं हसू येतं आणि मंगलाष्टकातलं 'सावधान' पुरं व्हायच्या आत त्यांच्या अक्षता नवरदेवाच्या फेट्यावर पडलेल्या असतात. पंचवटीतल्या आमच्या सोसायटीत याला घाई म्हणतात. नाना याला अंदाज म्हणतात.

अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून आयुष्य काढलं. पण ओळख विचारली की ते "ढोल, शेवटची रांग" एवढंच सांगतात, जणू तो पोस्टाचा पत्ता आहे. मिरवणुकांच्या दणदणाटाविरुद्ध मी एक पत्रक काढलं होतं. त्याची पहिली प्रत मुद्दाम नानांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी ती परत आली.

"मजकूर बरा आहे," नाना म्हणाले, "पण ठेका नाही. तिसऱ्या ओळीत माणूस झोपतो."

मी तिसरी ओळ बदलली. पण ते त्यांच्यामुळे नव्हे, असं मी आजही म्हणते.

यंदा नानांच्या ढोलपथकाची सूत्रं शुभमकडे आली. शुभम ताशा बरा वाजवतो, गॉगल त्याहून बरा लावतो. पथकात शिस्त आणायची म्हणून त्याने परीक्षा ठेवली, तीही मोबाईलवर. तालाचा एक खेळ आहे. त्यात शंभरपैकी ऐंशी मिळाले तर ढोल, नाहीतर विसर्जनाच्या दिवशी पुढे चालून ध्वज धरायचा. ढोलाला हात न लावता ढोलवाला निवडायचा हा मार्ग भरती परीक्षांवर वाढलेल्या आमच्या पिढीलाच सुचू शकतो.

नानांचा फोन बटणांचा. ते माझ्या दारात आले.

"क्रांतिताई, तुझा फोन दे जरा. सामाजिक काम आहे."

मोबाईलवरचे खेळ म्हणजे तरुणांना गुंगवण्याची अफू, असं मी छापून वाटलेलं आहे. तोच खेळ मी स्वतःच्या फोनवर उतरवून घेतला, आणि पंचाईत अशी की तो सुंदर निघाला. शाईच्या फटकाऱ्यांनी काढलेली एक नदी, त्यात एक नावाडी. ठोक्यावर बोट ठेवलं की त्याचं वल्हं पाण्यात जातं आणि काठावरचं गाव एकेक रंगाने उजळत जातं. कुणाच्या तोंडी एक शब्द नाही, एक जाहिरात नाही. एका टप्प्यावर संगीत चक्क बंद होतं आणि धुक्यात ताल आपला आपण धरून नाव न्यावी लागते. इतका विश्वास माझ्यावर माझ्या संघटनेनेही कधी टाकलेला नाही.

नानांनी त्याची तपासणी यंत्राचा भाग तपासावा तशी केली.

"चित्र फर्स्ट क्लास. धुक्याची जागा तर वाजवणाऱ्या माणसानेच काढलीय. पण चाळीस मिनिटांत खेळ खलास? अगं, एवढ्यात आमचं ढोल ताणणं पण होत नाही. आणि शेवटी नाव किनाऱ्याला लागते अन् बंद. उतरणारा माणूस कोण, कुणाकडे आला, काही नाही. शिवाय एक ठोका पुरता सुटला की पुन्हा पहिल्यापासून. चुकला म्हणून माणसाला घरी पाठवतात का?"

खरी अडचण वेगळी होती. नाना बोट ठेवत आणि पडद्यावर अक्षरं उमटत, 'अर्ली'. दर ठोक्याला अर्ली. गुण अठ्ठावन्न. नानांचा चेहरा पडला. विसर्जनाला ढोलाशिवाय चालण्याची कल्पना त्यांना करता येत नव्हती आणि परीक्षा रविवारी होती.

मी खेळाची सेटिंग धुंडाळली. फोनचा आवाज आणि आपलं बोट यांतलं अंतर जुळवायची एक पट्टी सापडली. ती जराशी सरकवली. नानांनी नाव हाकली. शहाण्णव.

"रविवारी हेच करायचं," मी म्हटलं. "शुभमला कळणारसुद्धा नाही."

नाना शहाण्णव या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पट्टी होती तिथे ने."

"का?"

"पट्टी सरकवून पास झालो तर हात लबाड ठरेल; आधी पडतो तो ठोका मी मुद्दाम मारतो. अगं, पथक लांबलचक. शेवटच्या रांगेतला ठोका पुढे पोचेस्तोवर उशीर होतो. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ही चौकात उभी होती, पथकाच्या अगदी पुढ्यात. घरी आल्यावर म्हणाली, बाकी सगळं छान, तुमचा ठोका तेवढा मागे राहतो. तेव्हापासून किंचित आधी मारतो, आणि मागची रांग माझ्या हातावर चालते. तिच्यापाशी बरोबर पडतो."

म्हणजे अख्ख्या पथकाचा ताल एका व्यक्तीच्या सोयीने. सामुदायिक कलेत याला काय म्हणतात, ते मी त्यांना ऐकवणार होते. त्याऐवजी पट्टी होती तिथे नेली.

रविवारी नानांनी शुभमच्या फोनवर प्रामाणिकपणे अठ्ठावन्न मिळवले. शुभमने गॉगल कपाळावर सरकवला. "नाना, रूल इज रूल. ध्वज घ्या. मानाचा असतो."

विसर्जनाच्या दिवशी दुपारी मी चौकात गेले, फक्त निरीक्षण करायला. नानांच्या कमलकाकू नेहमीच्या जागी होत्या. यंदा गुडघ्यांमुळे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. पथक आलं, थांबलं, रांगा लागल्या, दणका सुरू झाला. सगळ्यांत पुढे नाना, हातात उंच ध्वज. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पथक वाजताना ते काकूंच्या शेजारी उभे राहिले. मला वाटलं, काकू खूश होतील.

काकू थोडा वेळ ऐकत राहिल्या. "मागची रांग मागेच राहिली आज," त्या म्हणाल्या.

"मी इथं आहे ना," नाना म्हणाले.

"ते दिसतंय. ठोका कुठाय?"

नानांनीही कान दिला. चाळीस वर्षं जे पुढे पाठवत आले, ते कसं पोचतं हे त्यांना आज पहिल्यांदा ऐकू येत होतं, आणि तेही त्यांच्यावाचून. मग ते माझ्याकडे वळले.

"धर जरा."

तत्त्वाने मी कुठलाही ध्वज हातात घेत नाही. पण बांबू माझ्या हातात होता आणि नाना रांगांच्या कडेने मागे चालले होते. ताशावरच्या शुभमने मान हलवून नको म्हटलं. नाना थांबले नाहीत. अगदी शेवटी एक घामाघूम झालेला गडी ढोल खाली ठेवायच्याच बेतात होता. त्याच्या कमरेचा पट्टा त्यांनी स्वतःच्या कमरेला आवळला. टिपरू उचललं.

मला काही फरक कळेना. पुढून मागून नुसता गडगडाट. काकूंनी माझा हात धरून मला खाली ओढलं, माझा कान त्यांच्या कानाच्या उंचीवर येईपर्यंत.

"इथून ऐक," त्या म्हणाल्या.

पुढचा आणि मागचा ठोका एकदम पडला.