क्वेनताईंचा हातगुण

सिंगापूरहून आलेले पत्र इतके सभ्य होते की क्वेनताईंना ते दोनदा वाचावे लागले, तेव्हा कुठे कळले की आपल्याला खोटारडे म्हटले आहे. आपण पाठवलेल्या पद्धतीने आम्ही चार वेळा पपनसाच्या पेशी सुट्या केल्या, चारही वेळा एकही जिवंत हाती आली नाही, तरी आपले आकडे कृपया पुन्हा तपासावेत, असे तिथल्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर सिआंनी लिहिले होते. त्यात 'कृपया' तीन वेळा आले होते.

व्हिएतनाममधल्या कान थो शहरातल्या प्रयोगशाळेत क्वेनताई सोळा वर्षे हेच काम करत होत्या. पपनसाची कोवळी पाने केसासारखी बारीक चिरायची आणि बशीतल्या एका पाचक पाण्यात दीड तास मुरत ठेवायची. पेशींची कवचे विरघळतात आणि आतला नाजूक जीव उघडा पडतो. नदीच्या काठाकाठाने बागा रोगाने वाळत चालल्या होत्या, आणि रोगाला पुरून उरणारे झाड याच पेशींतून उभे राहायचे होते. ताईंच्या हातून शंभरातल्या नव्वद पेशी जिवंत निघत. संचालक विन्ह सर याला हातगुण म्हणत आणि त्यापुढे डोक्याला ताप देत नसत. पण आता महिन्याभरात सिंगापुरातही पेशी निघाल्या नाहीत तर पैसा थांबून काम बंद होणार होते, आणि क्वेनबाई सोळा वर्षे आकडे फुगवत होत्या हे कुणी न बोलताच ठरणार होते.

तेव्हा नुकताच हॉलंडहून शिकून आलेला खांग पुढे झाला.

"ताई, हातगुण वगैरे काही नसतं," तो म्हणाला. "तुम्ही काहीतरी करता आणि ते कागदावर लिहीत नाही. काय ते माझी यंत्रं शोधतील."

"मी सगळं लिहिते. मिठाची चिमूटसुद्धा वजन करून लिहिते."

दोन दिवसांत खांगने मेजाला, दाराला, फ्रिजला, दिव्याला आणि ताईंच्या मनगटालाही सेन्सर चिकटवले. हादरा, उजेड, ऊब, हाताची हालचाल, सगळे संगणकावर रेघांनी उमटू लागले. इतकी पाळत तर नव्या सुनेवरही कुणी ठेवत नाही. वर त्याने हुकूम सोडला की नोंदी चालू असेपर्यंत दुपारी कुणी झोपायचे नाही.

हा हुकूम साधा नव्हता. त्या इमारतीत पावणेबाराला डबे धुऊन झाले की दिवे मालवत, मेजांखालून घडीच्या खाटा निघत, आणि सव्वा वाजेपर्यंत संचालकांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे आडवे असत. पण माणसे निजलेली असताना यंत्रांनी मोजायचे काय, असे खांगचे म्हणणे पडले. प्रयोगशाळेच्या अब्रूचा प्रश्न म्हणून सर्वांनी ते गिळले.

पहिल्या दुपारी झोप उडवायला लोक येरझाऱ्या घालत राहिले. फ्रिज एकोणीस वेळा उघडला गेला, तोही रिकामा आहे हे माहीत असताना. सव्वा वाजता ताईंनी बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. सोळा वर्षांत पहिल्यांदाच बशीत नुसता लगदा होता. दुसऱ्या दिवशीही तेच. संगणक तर म्हणत होता की बाईंच्या हातात कणभर फरक नाही.

खांगने नजर चुकवत विचारले, "ताई, आधीचे आकडे कधी कुणी ताडून पाहिले होते का?"

ताईंना ते फार लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाने चिरली, बशी मेजावर ठेवली आणि म्हणाल्या, "तुझी यंत्रं खुशाल चालू ठेव. मी आडवी होणार आहे. नाव जायचंच असेल तर निदान झोप तरी पदरात पडू दे."

त्यांनी शेजारचे बाटल्या हलवणारे यंत्र बंद केले, कारण त्याच्या खडखडाटाने डोळा लागत नाही. अंगावर गार वारा नको म्हणून एसी अठ्ठावीसवर नेला, पडदे ओढले, दिवे मालवले आणि खाट उघडली. बाकीच्यांना तेवढेच हवे होते. पाच मिनिटांत विन्ह सरांसकट सगळे गपगार झाले.

संगणकाच्या जवळजवळ सगळ्या रेघा एकाएकी आडव्या पडल्या. त्याला वाटले, आपले सेन्सर मेले. त्याने इमाने इतबारे सर्वांना निरोप धाडला, सिंगापूरलाही: 'प्रयोगशाळेत हालचाल नाही. उपकरणे निकामी.' बाहेर गेलेला खांग धावत प्रयोगशाळेच्या दाराशी आला, तर विन्ह सरांनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवले. इतक्यात फोन थरथरला. डॉक्टर सिआ होते.

"तुमच्याकडे वीज गेली का?"

"नाही," खांग कुजबुजला. "लोक झोपलेत."

"सगळे?"

"संचालकांसकट."

खांगचे डोळे मात्र संगणकावर खिळले होते. एकच रेघ अजून मिनिटाला चौदा वेळा हलकीच डुलत होती. हे कोणते यंत्र चालू राहिले म्हणून तो चवड्यांवर शोधत निघाला आणि विन्ह सरांच्या खाटेपाशी थांबला. सर घोरत होते.

सव्वा वाजता बशीत भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या टपोऱ्या पेशी होत्या. शंभरात त्र्याण्णव.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय. उघड्या पेशींना अंधार, ऊब आणि शांतता हवी होती, आणि ती रोजच्या झोपेने आपोआप मिळत होती. सिंगापुरात बशी हलत्या यंत्राशेजारी, लख्ख उजेडात, थंडीत बसत होती.

"ताई, हे लिहिलं का नाही तुम्ही?"

"काय लिहायचं? जेवल्यावर झोपायचं, हे कुणी लिहितं का? श्वास घ्या असं लिहिलंय का कुठे?"

खांगने मान खाली घालून माफी मागितली, अगदी मनापासून. मग पद्धतीच्या कागदावर नवी, सातवी पायरी लिहायला बसला: 'परिसरातील हालचाल किमान ठेवावी.' ताईंनी ते खोडायला लावले. "सरळ लिही. दीड तास सर्वांनी झोपावे."

सिंगापूरकरांनी ते अक्षरशः पाळले. चटया अंथरल्या, आडवे झाले आणि डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहिले. दर पाच मिनिटांनी कुणीतरी उठून बाकीचे झोपलेत का ते तपासत होते. पेशी निम्म्याच वाचल्या. मग पुन्हा एक अतिशय सभ्य पत्र आले: तज्ज्ञ म्हणून क्वेनबाईंनी कृपया स्वतः यावे.

ताई गेल्या. पाने तिथल्याच लोकांनी चिरली, बशी त्यांनीच भरली. ताईंनी कशालाही बोट लावले नाही. यंत्र बंद करायला लावले, एसी वाढवायला लावला, तपासायला उठणाऱ्याला दटावून निजवले आणि स्वतः मध्यभागी आडव्या झाल्या. ज्या घरात एकजण गाढ झोपतो तिथे बाकीच्यांनाही पेंग येते. दहा मिनिटांत अख्खी प्रयोगशाळा निजली.

ताईंना जाग आली तेव्हा घड्याळात साडेतीन झाले होते. भिंतीला पाठ लावून सातजण अनवाणी उभे होते. सगळ्यांचे चेहरे फुलून आले होते आणि कुणी चकार शब्द काढत नव्हते.

"बशी?" ताईंनी धडपडत उठत विचारले.

"वेळेवर काढली," डॉक्टर सिआ कुजबुजले. "शंभरात ब्याण्णव. आमच्या हातून." त्यांचे डोळे पाणावले होते.

"अहो, मग मला उठवायचं नाही का?"

डॉक्टर सिआंनी हातातला कागद दोन्ही बाजूंनी काळजीपूर्वक पाहिला.

"झोपावे असं आहे," ते म्हणाले. "उठवावे असं कुठेच लिहिलेलं नाही."