शेड नंबर एकतीस

सबनीसकाका फलाफल खात नाहीत, तपासतात. प्लेट समोर आली की आधी एक गोळा बोटांनी फोडतात, उजेडाकडे तोंड करतात, खिशातून रंगाच्या कंपनीचं जुनं शेडकार्ड काढतात आणि आतल्या हिरव्या रंगाशी एकेक पट्टी लावून बघतात. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणतात, "सत्तावीस. लिही. बॅच नापास."

खाणं त्यानंतर. नापास बॅचही ते शेवटच्या गोळ्यापर्यंत संपवतात, हेही सांगायला हवं.

काका नौपाड्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केला. नोकरी संपली, कंट्रोल सुटला नाही. सोसायटीने जिना रंगवला तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याचा क्रीम वेगळा आहे म्हणून त्यांनी रंगाऱ्याला तासभर उभं केलं होतं. तो बिचारा शेवटी म्हणाला, "काका, रंग एकच आहे, उजेड वेगळा आहे."

"मग उजेड दुरुस्त कर," काका म्हणाले.

फलाफल म्हणजे भिजवलेले काबुली चणे कोथिंबीर-लसणीबरोबर वाटून तळलेले अरबी गोळे. माझ्या आईच्या मते, "डाळवडाच तो, नाव बदलून आलाय." हे ती काकांसमोर एकदाच बोलली. काकांनी तिला दारातच पाऊण तास चणा आणि चणाडाळ यांतला फरक समजावला. तेव्हापासून ते जिन्यात दिसले की आईचं दूध गॅसवर असतं.

नोंदी ठेवायला त्यांनी मला निवडलं, कारण मी बोलत नाही. "साक्षीदार असा हवा," ते माझ्यादेखत आईला म्हणाले, "मत नाही, काही नाही." मतं मला असतात. फक्त ती तोंडापर्यंत येईस्तोवर विषय बदललेला असतो. त्यात माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. काका "एकोणतीस" म्हणाले की मी पेन हवेत धरून थांबते. "अगं, दोनावर नऊ!" ते अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असं ओरडतात आणि मला टेबलाखाली जावंसं वाटतं.

शहाडला एका गाडीवाल्याला तर ते फूड इन्स्पेक्टर वाटले. त्याने घाईघाईने हात धुतले, तेल बदललं, स्टूल पुसून दिलं. "सर, कुछ कमी है क्या?"

"हिरवेपणा," काका गंभीरपणे म्हणाले.

त्याने धावत जाऊन कोथिंबिरीची अख्खी जुडी आणून काकांच्या प्लेटशेजारी ठेवली.

काकांना हवी असते ती शेड नंबर एकतीस. हा नंबर आला एका फोटोवरून. त्यांची एकुलती एक मुलगी, मुग्धाताई, बर्लिनला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी घराखालच्या दुकानातलं फलाफल खाते. तिने एकदा फोडलेल्या गोळ्याचा फोटो पाठवला आणि काकांनी तो शेडकार्डाला लावला. "पोरगी काय खाते ते बापाला माहीत नको?" तंतोतंत तसं फलाफल इथे मिळालं की तिच्या दुपारी, आपल्या संध्याकाळी, व्हिडिओवर दोघांनी एकदम खायचं, असं ठरलंय. तोवर दर शनिवारी काका तिला फोनवर अहवाल देतात. वही मी धरते, म्हणून दोन्ही बाजू ऐकू येतात.

"बाबा, कल्याणचं काय झालं?"

"बाहेरून कडक, आतून गिच्च. एकोणतीस."

"अरेरे! लसूण?"

मग लसणीवर वीस मिनिटं जातात.

काकू होत्या तेव्हाचे फोनही मी जिन्यातून ऐकलेले आहेत. त्यांचं दार उघडंच असायचं. "बरी आहेस ना? थंडी आहे का? घे, आईशी बोल." तीन वाक्यं. काकू गेल्या आणि तिसरं वाक्यही गेलं.

गेल्या शनिवारी आम्ही डोंबिवलीला, मानपाडा रोडवरच्या एका नवीन दुकानात गेलो. काकांनी गोळा फोडला, दारातल्या उजेडात धरला, पट्टी लावली. पट्टी कुठे संपते आणि गोळा कुठे सुरू होतो ते मलाही कळेना. एकतीस. हा आकडा मला पाठ आहे. मी लिहूनही टाकला आणि फोन काढला.

"ताईला लावू?"

"थांब." काकांनी दुसरी बाजू पाहिली. एक गोळा खाल्ला, डोळे मिटून. मग प्लेटकडे बघत म्हणाले, "पास झालं की वही बंद करावी लागेल, नाही गं?"

मी एक गोळा तोंडात टाकला. इतकं चांगलं फलाफल मी कधी खाल्लं नव्हतं.

"काका," मी म्हणाले, "मीठ कमी आहे."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 

"हो ना? मलाही तेच वाटलं. खोड तो एकतीस. बॅच नापास." मग काउंटरवरच्या बाईंना म्हणाले, "दोन प्लेट पार्सल द्या."

संध्याकाळी मी वही घेऊन खाली गेले. फोन स्पीकरवर होता, पार्सल मांडीवर.

"बाबा, डोंबिवलीचं काय झालं?"

"थोडक्यात गेलं बघ. मीठ."

"अरेरे! मग आता पुढच्या शनिवारी कुठे?" मुग्धाताईच्या तोंडात घास होता.

काका भिवंडीपासून बदलापूरपर्यंतचे बेत सांगू लागले. मध्येच थांबून पिशवीतून हळूच एकेक गोळा काढत होते. शेडकार्ड टीव्हीवर पडलं होतं.

"बाबा, तुम्ही काही खाताय का?"

"छे गं," काका म्हणाले. "चिवडा."