आउटपुट सरळ आहे

जे साठवले नाही ते घडलेच नाही, असे आमच्या धंद्यात धरून चालतात.

मी चिपच्या सर्किटची आखणी करतो. सर्किट प्रत्यक्ष बनवण्याआधी ते संगणकावर चालवून पाहतात. तापमान उणे चाळीसपासून सव्वाशे अंशांपर्यंत पाच-पाच अंशांनी वाढवत तेच सर्किट चौतीस वेळा चालवले, की त्याला स्वीप म्हणतात. प्रत्येक तापमानाला आतल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरची तब्येत वेगळी असते. त्यातून प्रवाह किती जातो, त्याच्यावर ताण किती आहे, तो अजून किती ओढेल, वगैरे. या तब्येतीला ऑपरेटिंग पॉइंट म्हणतात. सॉफ्टवेअर ती चौतीस वेळा मोजते, आणि मुद्दाम सांगितले नसेल तर एकदाची ठेवून तेहतीस वेळांची टाकून देते. आउटपुट मात्र सगळे ठेवते.

हा निष्काळजीपणा मला पाहवला नाही. विभागप्रमुख या नात्याने मी परिपत्रक काढले: यापुढे प्रत्येक स्वीपमध्ये, प्रत्येक तापमानाला, प्रत्येक ट्रान्झिस्टरचा ऑपरेटिंग पॉइंट साठवण्यात यावा. एका सर्किटात ६१२ ट्रान्झिस्टर, प्रत्येकाच्या ४६ नोंदी, चौतीस तापमाने. एका स्वीपचे नऊ लाख सत्तावन्न हजार एकशे अडुसष्ट आकडे झाले. वर्षभरात उघडून पाहिलेल्या फायली सात. (पैकी तीन चुकून.)

"सर, डिस्क भरली," आमच्या विभागातली अपेक्षा म्हणाली. "आउटपुट तर एकदम सरळ येतंय, सगळं पास होतंय. मग आतलं कशाला सेव्ह करायचं?"

"आउटपुट शेवटपर्यंत सरळच येतं," मी म्हणालो. "आत एखादा साठ अंशांनाच दमलेला असतो. बाकीचं सर्किट सांभाळून घेतं. नव्वदला सगळंच बसतं आणि तुम्ही म्हणता, अचानक झालं."

हे वाक्य सगळ्यांना आवडले. अपेक्षाने ते फळ्यावर लिहिले. अजून आहे.

आम्ही धायरीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी अजून राहतो. लिफ्ट नाही. (बिल्डरच्या माहितीपत्रकात आहे.) साडेसहाला चहा, साडेआठला डबा, यात शर्मिलाने अठ्ठावीस वर्षांत पाच मिनिटे इकडची तिकडे केली नाहीत. गेल्या दिवाळीपासून ती भाजी घेऊन येताना दुसऱ्या मजल्यावर कांताबाईंच्या दाराशी थांबू लागली. मी वरून कठड्यावरून विचारायचो, "झाल्या का गप्पा? की अधिवेशन वाढवलंय?"

"आले हो," ती म्हणायची. आणि यायची.

होळीच्या सुमारास तिथे एक स्टूल आले. जिन्यात स्टूल ठेवल्याने रहदारीस अडथळा होतो, असा अर्ज मी सोसायटीला दिला. दोन प्रतींत, फोटो जोडून. तीन दिवसांत स्टूल हटले. सोसायटीने तडीस नेलेला माझा हा आजवरचा एकमेव अर्ज.

मे महिन्यात शर्मिला स्वयंपाकघरात पडली. डॉक्टरांनी विचारले, "दम केव्हापासून लागतोय?"

"परवापासून," मी म्हणालो. "अचानक झालं."

त्यांनी तसे लिहून घेतले. दुखणे हृदयाचे होते आणि बरेच जुने होते, हे चार दिवसांनी त्यांनीच सांगितले. तोवर ती गेली होती.

पंधरा दिवसांनी कांताबाई डबा घेऊन आल्या. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, "तुमच्याशी फार गप्पा मारायची."

"कसल्या गप्पा हो? बोलायला दम कुठे होता तिच्यात? दिवाळीत नुसती भिंतीला टेकायची. संक्रांतीला पाणी मागायला लागली. होळीला मी स्टूल ठेवलं, तर ते कुण्या मेल्याने उचलायला लावलं. मग पायरीवरच बसायची."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं तिला. तर म्हणाली, ह्यांना नका सांगू, तक्ता करत बसतील."

कांताबाईंकडे डिस्क नाही. मी त्यांना अर्जदाराचे नाव सांगितले. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि त्या गेल्या. डबा परत न्यायला अजून आलेल्या नाहीत.

शुक्रवारी अपेक्षाने विचारले, "सर, डिस्क परत भरली. कुठला डेटा काढून टाकू?"

"सगळा काढून टाक," मी म्हणालो. फळा मात्र तिने पुसला नाही, आणि मीही सांगितले नाही.

सोसायटीला मी नवा अर्ज दिला आहे. दुसऱ्या मजल्यावर एक स्टूल ठेवण्यास परवानगी मिळावी. दोन महिने झाले, अर्ज विचाराधीन आहे.

आपण हे वाचायला बसलात तेव्हा आतून कोणीतरी "काही नाही, जरा टेकले होते" असे म्हणाले असेल, आणि आपण "बरं" म्हणून पुढची ओळ घेतली असेल. ते आउटपुट होते. सरळ होते. आतले ठेवायचे असेल तर तसे मुद्दाम सांगावे लागते, आणि त्यासाठी आधी उठावे लागते. आपण तर शेवटपर्यंत वाचलेत.