मनगटाच्या चार बोटं वर

रखमाजी शिंपी घड्याळ मनगटावर बांधत नसे. मनगटाच्या चार बोटं वर, कोपराकडं बांधायचा. आणि असं आवळून की पट्ट्याच्या दोन्ही अंगांनी मांस फुगून वर यायचं. नवीन माणसाला वाटायचं, याच्या हाताला काही दुखणं आहे. घड्याळ बंद नव्हतं, चांगलं टिकटिकायचं. पण कुणी वेळ विचारली तर रखमाजी आधी पायाखाली बघायचा, मग आजूबाजूच्या गवताकडं, आणि तिकडं सगळं ठीक दिसलं तरच घड्याळाकडं.

कारण ते घड्याळ वेळेसाठी नव्हतंच. ते जनावरासाठी होतं.

जनावर म्हणजे साप. आमच्या हिर्डोशीकडं त्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, जनावर म्हणतात. रखमाजी तेवढंही म्हणायचा नाही. नुसतं ‘त्यो’. तो चावला की विष वर चढतं, काळजापाशी गेलं की माणूस संपतो, म्हणून चावल्याबरोबर वरच्या अंगाला दोरी आवळायची, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. रखमाजीचं म्हणणं एवढंच की चावल्यावर दोरी कशाला शोधत बसायचं? आधीच बांधून ठेवावी. “चावल्यावर मानूस बोंबलंल का गाठ मारंल?” असं तो विचारायचा.

तरुणपणी तो पुण्याला लष्कर भागात एका मोठ्या शिंप्याच्या दुकानी कामाला होता. तिथं जुन्या बाजारात हे घड्याळ घेतलं. विकणाऱ्यानं त्याला रीत सांगितली होती, की मनगटाच्या हाडाच्या मागं बांधावं आणि पट्ट्याखाली एक बोट जाईल एवढं सैल ठेवावं. ते रखमाजीला पटलं नाही असं नाही. “पुण्यात ठीक हाय,” म्हणायचा. “पुण्यात डांबर हाय. हितं गवात हाय.”

मी एकदा विचारलं, अरे डाव्या हाताचं झालं, उजव्याचं काय? तर त्यानं त्याचीही सोय केली होती. जिथं दिसत नाही तिथं उजवा हात घालायचाच नाही. सरपण, कापडाचा ढीग, धान्याची कणगी, उशाखाली, सगळीकडं डावा. एका पूजेला भटजींनी पळसाच्या पानावर प्रसाद दिला आणि रखमाजीनं डावा हात पुढं केला. भटजी लाल झाले. बायका तोंडाला पदर लावून खुसखुसायला लागल्या. रखमाजी शांतपणे म्हणाला, “पानाखाली काय हाय ते मला कुठं दिसतंय.” प्रसाद त्याला मिळाला नाही. त्याचं त्याला दुःखही नव्हतं. हात शाबूत होता.

पायांना गुडघ्याखाली सुतळी बांधलेली असायची. चालायचा तो पाय आपटत, पोलिसासारखा. कुणाच्या घरी गेला की उंबऱ्यावर काठी वाजवून विचारायचा, “हाय का कोन?” आम्ही आतून ‘हाय, ये’ म्हणायचो. लई दिवसांनी कळलं की तो आम्हाला विचारत नव्हता.

पारावरच्या टवाळांना त्याचा खेळच झाला होता. कुणीतरी हळूच म्हणायचं, “रखमाजी, तुझ्या मागं सळसळलं बघ.” तो मागं बघायच्या आधी पट्टा एक भोक आवळायचा. असं आवळत आवळत मूळची भोकं संपली. मग त्यानं दाभणानं नवी पाडली. त्या पट्ट्याची चाळण झाली होती.

मला वाटायचं, याचं कुणीतरी जवळचं माणूस सापानं गेलं असेल. बाप, भाऊ, कुणीतरी. एकदा सरळ विचारलं. तर म्हणाला, “न्हाई. आमच्या घरात आजवर कुनालाच चावलं न्हाई.”

“मग भितोस कशाला एवढा?”

“म्हंजी पाळी शिल्लक हाय की, धोंडिबा.”

मी हसलो. पण घरी येऊन सरपणातून लाकूड ओढताना काठी घेतली, हेही खरं. त्याच्या शेजारी राहणं असं होतं. पावसाळ्यात गवत कमरेएवढं होतं, घरांच्या कुडात उंदीर होतात, उंदरांमागं दुसरं काय येतं ते सगळ्यांना ठाऊक. आपण ते मनाआड टाकून जगतो. रखमाजी टाकत नव्हता, आणि तो रोज डोळ्यांसमोर असल्यामुळं आम्हालाही टाकता येत नव्हतं.

लग्न त्यानं केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचा, “आपल्याच दोन हातांची काळजी लई झाली. भ्यायला अजून दोन कशाला आनू?”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याचा हात चालला होता. डाव्या हाताची बोटं आधी गार पडायला लागली, मग निळसर. चहाची कपबशी धरली की सुटायची. शिंप्याचा डावा हात म्हणजे कापड पुढं सारणारा हात. तोच आंधळा झाला. माझ्या एका बंडीची शिवण बगलेपासून निघाली आणि पोटावर येऊन संपली. पुढं एकदा मशिनची सुई त्याच्या बोटातून आरपार गेली आणि त्याला कळलंच नाही. कापडावर लाल दिसलं तेव्हा तो घाबरला, आणि उठायला बघतो तर बोट कापडाला शिवलेलं. असंच चाललं तर हात जाणार आणि हातामागं पोटही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यालाही दिसत होतं. तरी पट्टा सैल करायचं धाडस त्याच्यात नव्हतं.

इथं माझ्या बायकोचं नाव येतं. कोंडा. ती आता नाही, गेल्या पौषात गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तिचं नाव आलं की मला थांबायला नको.

रखमाजीला घरी कुणी रांधणारं नव्हतं म्हणून ती त्याला दुपारी जेवायला बोलवायची. त्याच्या बोटातून सुई गेली त्या दिवशी तिनं भाकरी थाळ्यात टाकली, पण थाळा पुढं सरकवला नाही. म्हणाली, “भावजी, त्यो चावायच्या आधी तुमीच तुमचा हात खाताय. दोन भोकं सैल करा, मग जेवा.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कालवणात बघितलं. शेवटी त्यानं दोन्ही पाय पाटावर उचलून घेतले, भिंतीची कड नजरेखालून घातली आणि पट्टा दोन भोकं सोडला. रक्त परत यायला लागलं तसं त्याचं तोंड वाकडं व्हायला लागलं, मुंग्यांनी. कोंडानं कोमट पाणी आणून त्याची बोटं त्यात धरली. जेवण झालं की पट्टा परत जागच्या जागी. पण ती रोजची रीत झाली. त्याचा हात जो काही टिकला तो त्या जेवणाच्या वेळेमुळं टिकला. ती नसती तर तो केव्हाच काळा पडला असता.

त्या वर्षी कार्तिकात आमची भातकापणी चालली होती. रखमाजी खाचरात कधी उतरायचा नाही. काही द्यायचं असलं तर वाटेवर उभा राहून हाक मारायचा. त्या दिवशी कोंडाची चोळी शिवून आणली होती. “वैनी, चोळी,” म्हणून त्यानं हाक मारली आणि कोंडानं खालची पेंढी उचलता उचलता मान वर केली.

ती ओरडली नाही. बोटाकडं बघत नुसतं म्हणाली, “चावलं काय तरी.”

फुरसं होतं. करकर आवाज करत वेटोळं घेऊन पेंढीखाली बसलेलं. मी ते विळ्यानं मारलं. मागं वळून बघतो तर रखमाजी खाचरात होता. वहाणा चिखलात राहिल्या होत्या, चोळी बांधावर पडली होती, आणि तो कापलेल्या धसांतून अनवाणी धावत आला होता. त्यानं खाली एकदाही बघितलं नाही.

घड्याळाचं बक्कल घामानं गंजलं होतं. ते त्यानं दातानं उपसलं. कोंडाच्या बांगड्यांच्या वर, मनगटापासून चार बोटं सोडून पट्टा फिरवला आणि बक्कल लावलं. मी बघितलं, पट्टा सैल होता.

मी म्हणालो, वड. तो म्हणाला, वडतोय. पण ओढत नव्हता. पट्ट्याचं टोक त्याच्या चिमटीत होतं आणि चिमूट तिथंच थांबली होती. मी किंचाळलो, अरे आवळ, वर चढंल. त्याचंच बोलणं माझ्या तोंडून निघत होतं.

त्यानं वर न बघता म्हटलं, “वैनीचा हात हाय त्यो, धोंडिबा.”

आणि एक भोक मागंच ठेवलं.

भोर लांब. नीरेच्या काठानं बैलगाडी चालली होती आणि कोंडाचा हात सुजत चालला होता. रखमाजी गाडीत तिच्याशेजारी, तिचा हात मांडीवर खाली धरून. हात सुजला की पट्टा रुतायचा, आणि पट्टा रुतला की हा माणूस तो एक भोक सोडायचा. मी बैल हाकत मागं बघायचो. उभ्या जन्मात पट्टा आवळण्यापलीकडं ज्यानं काही केलं नाही, तो माझ्या बायकोच्या हातावरचा पट्टा भोकामागून भोक सैल करत होता. मला वाटलं, हा तिला मारतोय. एका चढाला मी गाडी थांबवून त्याच्यावर हात उगारला. त्यानं मान पुढं केली, मार म्हणून, पण पट्ट्यावरचं बोट काढलं नाही. कोंडा म्हणाली, “गाडी हाका.” तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. मी गाडी हाकली. त्या वाटेवर जेवढा भ्यालो तेवढा पुढं तिच्या मरणालाही भ्यालो नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. डॉक्टरनं सुई दिली, जखम धुतली, आणि मग हात उचलून पट्टा बघत विचारलं, हे कुणी बांधलं? रखमाजी माझ्या पाठीमागं गेला. सैल बांधल्याबद्दल आता बोलणी बसणार असं त्याला वाटलं, मलाही. डॉक्टर म्हणाले, एवढ्या वाटेत हे आवळून ठेवलं असतं तर बाई वाचली असती तरी हात कापावा लागला असता. गावाकडचे असे काळे पडलेले हात त्यांनी बघितले होते.

रखमाजी बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी मागून गेलो, तर तो आपला डावा हात मांडीवर ठेवून बघत होता. घड्याळाच्या जागी गोल खाच पडली होती, पांढरी, तिथं केसही उगवले नव्हते.

कोंडा वाचली. बरेच दिवस लागले, पण उठली, चुलीपाशी बसली, परत खाचरात उतरली. पारावरच्या लोकांना वाटलं, आता रखमाजीला शहाणपण येईल. डॉक्टरनंच सांगितलं म्हटल्यावर भीती जाईल. भीती कुठली जाते. कोंडानं घड्याळ परत द्यायला हात पुढं केला तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. तुमी रानात जाता. मी काय, मशिनवर बसून असतो.” तिनं डॉक्टरचं बोलणं ऐकवलं, बांधून उपयोग नाही म्हणाली. तो म्हणाला, सैल बांधा, पण बांधा.

त्याचं मन मोडायचं कसं म्हणून तिनं ते घातलं. हिरव्या बांगड्या आणि त्यांच्या वर पुरुषी घड्याळ. सगळं गाव हसलं. कुणी तिला वेळ विचारायचं, ती म्हणायची, भावजींना विचारा.

आणि रखमाजी उघड्या हातानं फिरायचा. बोटं सुधारली, शिवण सरळ आली, माझ्या बंड्या माणसात आल्या. पण भीती दुप्पट झाली. कापडाच्या ढिगात हात घालायच्या आधी तो कात्रीनं एकेक तुकडा उचलून बघायचा. कुणी मागून बोललं की उजव्या हातानं डावं मनगट गच्च धरायचा. भ्यायचा रोज, आणि घड्याळ मागितलं नाही कधीच.

कोंडा गेली ती छातीच्या तापानं, अंथरुणात. अहेव गेली म्हणून बायकांनी तिला हिरवा चुडा भरला, आणि घड्याळाचं काय करायचं म्हणून माझ्याकडं बघितलं. रखमाजी दाराशी उभा होता. तो आत आला, खाली बसला आणि त्यानं स्वतः बक्कल सोडलं. तिच्या हाताला कुठं धक्का लागू नये म्हणून इतकं हळू सोडलं, की बायका तोंडं फिरवून उभ्या राहिल्या.

दिवस झाल्यावर तो माझ्याकडं आला. हातात घड्याळ होतं. मला वाटलं, आता आपल्या हाताला बांधायला घेऊन चाललाय, आणि बरं वाटलं, निदान एकाचं भ्या तरी कमी होईल. तर त्यानं माझा हात ओढून घेतला. मी म्हणालो, मी आता रानात जात नाही, मला कशाला.

“घरात येकटा असतोस,” तो म्हणाला.

त्यानं ते मनगटाच्या हाडामागं बांधलं आणि पट्ट्याखाली आपलं बोट घालून बघितलं. मी म्हणालो, मला यातलं काही कळत नाही, काटे कुठं आणि वेळ कुठली.

“मला कळतं,” तो म्हणाला. “मी सांगाय येत जाईन.”

आता येतो. सकाळी येतो, तिन्हीसांजेच्या आधी येतो. माझा हात हातात घेतो, डोळ्यांजवळ नेऊन बघतो, किल्ली देतो, किती वाजले ते सांगतो. मी बरं म्हणतो. मग दोघं तिथंच बसून राहतो.